शिवण कीं नक्कल?

गेल्या कांहीं वर्षांत सुशिक्षित घरांत सुईदोरा पुन्हां दिसूं लागला आहे. जेथें सदऱ्याचें तुटलेलें बटणहि कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जात असे, तेथेंच आज एखादी मुलगी संध्याकाळीं भरतकामाची लांकडी रिंग मांडीवर घेऊन बसलेली आढळते. ही गोष्ट आनंदाची आहे आणि तिचें स्वागत करण्यांत आम्ही कोणाच्याहि मागें नाहीं. परंतु ह्या हौसेच्या पाठोपाठ बाजारानें जी एक वस्तु घरांत आणून ठेवली आहे, तिच्याविषयीं स्पष्ट बोलणें आम्हांस भाग आहे. ती वस्तु म्हणजे तयार पेटी. पेटींत रिंग असते, सुई असते, आंकडे घातलेल्या दोऱ्यांच्या लडी असतात, चित्र छापलेलें कापड असतें, आणि काम संपल्यावर तें कसें दिसावें हें दाखविणारा रंगीत फोटो असतो. आंकड्याप्रमाणें दोरा घ्यावा, रेघेवरून सुई न्यावी आणि शेवटीं फोटोशीं ताडून पाहावें. आणि पेटीच्या झांकणावर मोठ्या अक्षरांत काय छापलेलें असतें, तर 'सर्जनशील छंद'!

आमचा वाद ह्या शब्दांशीं आहे. कोणी फावल्या वेळीं छापील चित्र भरलें तर त्यांत पाप नाहीं. पत्ते खेळण्यांतहि नाहीं. परंतु नकलेला सर्जन म्हणून विकलें, आणि घेणाऱ्या घरानेंहि तें खरें मानलें, म्हणजे खऱ्या सर्जनाची ओळखच बुजते. घरच्या शिवणांत सर्जन कोठें असतें, हें विसरलेलें घर आपल्या पेटाऱ्यांतली गोधडी भिकार समजून बाहेर काढतें आणि दुकानांतली पेटी कला समजून आंत घेतें. हें आज आपल्या डोळ्यांदेखत होत आहे, म्हणून हा लेख.

पेटींत खरोखर काय विकलें जातें? दोरा, कापड आणि सुई हीं तर कोठेंहि मिळतात. पेटी विकते ती विचारापासून सुटका. कोणतें कापड घ्यावें, त्याची वीण किती दाट आहे, त्यावर कोणता टांका शोभेल आणि कोणता टिकेल, कोठें रंग हवा आणि कोठें मोकळी जागा हवी, हें सारें दुसऱ्या कोणीतरी आधींच ठरवून ठेवलेलें असतें. शिवणाऱ्याकडे उरतो तो नुसता हात. डोकें बाजूला ठेवून हात कामास लावणें ह्यास कारखान्यांत मजुरी म्हणतात. घरांत त्यालाच छंद म्हणावयाचें आणि वर पैसेहि आपणच मोजावयाचे, हा व्यवहार मोठा चमत्कारिक आहे.

ही युक्ति नवी नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिनमधील प्रकाशकांनीं चौकटींच्या कागदावर रंगविलेले भरतकामाचे नमुने विकावयास काढले. एक चौकट म्हणजे लोकरीचा एक टांका. चौकटी मोजाव्या आणि जाळीच्या कापडावर त्याप्रमाणें लोकर भरावी, एवढेंच काम. हा प्रकार युरोप-अमेरिकेंत इतका पसरला कीं शतकाच्या मध्यास मध्यमवर्गीय घरांत भरतकाम म्हणजे 'बर्लिन काम' असेंच समीकरण झालें, आणि टांक्यांचे कितीतरी जुने प्रकार मागें पडले. ह्याचा वीट येऊन विल्यम मॉरिस यानें १८५० नंतरच्या दशकांत जुन्या भरतकामाचे टांके उसवून त्यांची घडण स्वतः समजून घेतली. १८७२ सालीं लंडनमध्यें सुईकलेची 'रॉयल स्कूल' निघाली, तिचा एक हेतु गरजू सुशिक्षित स्त्रियांस काम मिळवून देण्याचा होता, आणि दुसरा बुडत चाललेली कला वर काढण्याचा होता. म्हणजे पेटीचा रोग दीडशें वर्षांपूर्वींच ओळखला गेला होता. फक्त औषध आपल्यापर्यंत पोंचलें नाहीं. आपल्या दिवाणखान्यांत कांचेच्या चौकटींत बसलेलें 'सुस्वागतम्', फुलीच्या टांक्याचे जोडीजोडीनें बसलेले पोपट आणि राजहंस हीं त्याच घराण्यांतलीं. तीं भरणाऱ्या बायांच्या श्रमांना आम्ही हंसत नाहीं. घरकाम संपवून, दिव्याशीं बसून त्यांनीं तें केलें, आणि त्यांच्या हातीं दुसरें कांहीं दिलेंच गेलें नव्हतें. दोष देणाऱ्यांचा आहे.

आतां ह्या चौकटीशेजारीं आपली गोधडी ठेवून पाहा. तिला पेटी नाहीं, फोटो नाहीं, आंकडे नाहींत. एक जुनें नऊवारी लुगडें असतें, एकदोन धोतरें असतात, परकर-सदऱ्यांचे तुकडे असतात. शिवणारी आधीं प्रत्येक कापड उजेडापुढें धरते. बसावयाच्या ठिकाणीं लुगडें विरलेलें असतें, पदराकडे व कांठाशीं तें धड असतें. म्हणून विरलेला भाग मधल्या थरांत जातो, धड भाग वर येतो, आणि कांठ कडेस लागून चारहि बाजू बळकट करतात. कापड शेंकडों वेळां धुतलेलें असल्यामुळें पुढें आटण्याची भीति नसते, आणि रंग कच्चा असला तर तो केव्हांच निघून गेलेला असतो. मग थर पसरावयाचे, सुरकुत्या काढावयाच्या आणि कडेपासून धावदोरा घालीत, एका ओळीच्या आंत दुसरी ओळ, असें मध्यापर्यंत यावयाचें. ह्या ओळी केवळ शोभेच्या नसतात. थर सरकूं नयेत, धुतांना आंतल्या चिंध्यांचा गोळा होऊं नये आणि थरांत कोंडलेल्या हवेनें ऊब राहावी, म्हणून त्या असतात. ओळी दाट घेतल्या तर गोधडी टिकते, पण ताठ होते. विरळ घेतल्या तर मऊ राहते, पण लवकर उसवते. किती दाट घ्यावी हें ती बाळाची कीं म्हाताऱ्याची, कोंकणांतल्या घरची कीं महाबळेश्वरच्या थंडीची, ह्यावर ठरतें. तें कोणत्याहि झांकणावर छापतां येत नाहीं.

ही बुद्धि एकट्या महाराष्ट्राची नाहीं. बंगालची कांथा अशाच जुन्या साड्यांच्या थरांतून जन्मली, आणि तिच्या रंगीत टांक्यांचा दोरा साडीच्याच कांठांतून उपसून काढीत. उत्तर कानड्यांतील हल्याळ-यल्लापूरच्या बाजूस सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेंतून आले, आणि त्यांतले पुष्कळ गोव्यांतील गुलामगिरींतून निसटून ह्या रानांत येऊन राहिले असें मानतात. तेथील स्त्रिया 'कवंदी' शिवतात, ती आमच्या गोधडीची सख्खी बहीणच आहे. मात्र कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाचें फूल बसविल्याशिवाय ती पुरी झाली असें त्या मानीत नाहींत. तिकडे अमेरिकेंत अलाबामा राज्यांतील गीज बेंड ह्या वस्तींत गुलामांच्या वंशजांनीं शेतांत झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या पिढ्यान्‌पिढ्या शिवल्या. २००२ सालीं त्या ह्यूस्टन येथील आणि मग न्यूयॉर्क येथील व्हिटनी कलासंग्रहालयांत भिंतीवर लागल्या, तेव्हां जाणत्या लोकांनीं त्यांना आधुनिक चित्रकलेच्या पंक्तीस बसविलें. आम्ही त्या प्रशंसेमुळें गोधडीला मान देतों असें नाहीं. पण परक्यांनीं शिक्का मारल्यावांचून आपल्या घरांतलें सोनें ज्यांना दिसत नाहीं, त्यांच्यासाठीं हा दाखला दिला आहे.

शोभेच्या भरतकामांतहि हाच भेद आहे. धारवाडकडची कशिदा आपल्या बायांना परकी नाहीं. इरकली लुगडें जेथें नेसलें गेलें तेथें ती पोंचली. तिच्यांत कापडावर आधीं कांहींच रेखाटीत नाहींत. ताण्याबाण्याचे धागे मोजीत मोजीत गोपूर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन उठवितात. गवंती आणि मुर्गी ह्या टांक्यांत सुई गेल्या वाटेनें परत येऊन मोकळीं राहिलेलीं घरें भरते, त्यामुळें दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि गांठ मारीत नाहींत. एक धागा मोजण्यांत चुकला कीं पुढचा सारा रथ कलतो. हें करणारी बाई पाटीवर गणित शिकली नसेल. पण तिच्या बोटांत जें गणित आहे तें आंकड्यांच्या लडी भरणाऱ्या पदवीधराच्या बोटांत नाहीं. गुळेदगुड्डच्या खणाची चोळी बेतणारीचेंहि तेंच. तोकड्या कापडांत पाठ, पुढा आणि बाह्या बसवावयाच्या, कांठ दिसावयास हवा तेथेंच आणावयाचा, आणि खालीं जी कातरण उरेल ती मुठींत मावली पाहिजे. 'बेतणें' हा आपल्या भाषेंतला शब्दच पाहा. कापड बेतणें आणि बेत करणें हीं एकाच मुळाचीं आहेत. पेटी आपला बेतच काढून घेते; मग उरलेल्याला शिवण म्हणावें तरी कसें?

ह्यावर तीन आक्षेप येतील. ते हलके नाहींत, म्हणून एकेकाचा विचार करूं.

पहिला आक्षेप स्त्रीशिक्षणाच्या कैवाऱ्यांचा. ते म्हणतील, "सुई ही बाईच्या पायांतली बेडी होती; ती मोठ्या कष्टानें तुटली, तुम्ही ती पुन्हां घालूं पाहतां." ह्या म्हणण्यांत सत्य आहे. मुलीनें खालीं मान घालून तासन्‌तास टांके घालावे म्हणजे ती मवाळ होते, अशा समजुतीनें तिला सुई दिली गेली. रोझिका पार्कर ह्या इंग्रज लेखिकेनें १९८४ सालच्या आपल्या ग्रंथांत हें सविस्तर दाखविलें आहे. परंतु त्याच सुईनें बायांनीं आपलें मनहि बोलून दाखविलें, हेंहि तिनेंच दाखविलें. चिली देशांत १९७३ सालीं लष्करानें सत्ता बळकावली, आणि ज्यांचे मुलगे व नवरे बेपत्ता झाले त्या सांतियागोच्या बायांनीं गोणपाटावर चिंध्या शिवून तीं दुःखाचीं चित्रें देशाबाहेर धाडलीं. वर्तमानपत्रांचीं तोंडें बंद असतां तीं चित्रें बोलत होतीं. तेव्हां बेडी सुईंत नाहीं; सुई कोणाच्या हातीं द्यावयाची आणि काय म्हणून, ह्या वांटणींत आहे. आमच्याकडील वांटणी पाहा. नामदेवांच्या घरचा धंदा शिंप्याचा. आजहि दुकानांत बसून मोल घेऊन शिवणारा बहुधा पुरुष असतो. म्हणजे मोल मिळतें तेव्हां शिवण पुरुषाची विद्या ठरते, आणि मोल मिळत नाहीं तेव्हां ती बाईची जात ठरते! हा अन्याय सुई टाकून मिटत नाहीं. मुलग्यांच्याहि हातीं ती दिली म्हणजे मिटेल. ज्या मुलग्याला स्वतःच्या सदऱ्याचें बटण लावतां येत नाहीं, त्याला सुशिक्षित म्हणणें आतां थांबविलें पाहिजे.

दुसरा आक्षेप हिशेबी माणसाचा. तो म्हणेल, "तयार कपडा इतका स्वस्त मिळतो कीं घरीं शिवणें म्हणजे वेळेचा नाश." ह्या स्वस्ताईची किंमत कोणीतरी मोजलेली असते. २४ एप्रिल २०१३ रोजीं ढाक्याजवळ सावर येथें कपड्यांच्या कारखान्यांची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेंहून अधिक माणसें मेलीं. भिंतींना तडे गेल्याचें आदल्या दिवशीं दिसलें होतें. तरी कामगारांना आंत बोलाविलें गेलें. तेथें शिवलेला माल दूरदूरच्या देशांतील दुकानांत स्वस्त म्हणून विकला जात होता. घरीं शिवल्यानें असे कारखाने सुधारतील असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यानें एकदां तरी बाही मुंढ्यांत बसविली आहे, त्याला बाहीला किती वेळ लागतो हें कळतें, आणि मग किंमतीची चिठ्ठी वाचतांना त्याचें मन स्वस्थ राहत नाहीं. आणि स्वस्त कपड्याचा शेवट कोठें होतो? पूर्वी भांडीं घेऊन बोहारीण दारीं येई. तिच्यापुढें ठेवण्याआधीं घरांतली बाई प्रत्येक लुगडें दोनदां उलगडून पाही, कारण त्याचें दुपटें होईल कीं पोतेरें, हें तिला ठरवावयाचें असे. आज दोनचारदां घातलेला कपडा कचऱ्याच्या पिशवींत जातो, कारण त्याचें दुसरें कांहीं करतां येईल हें कोणास सुचतच नाहीं. अडाणी झाली ती नजर. वेळ वांचला हा केवळ भास आहे.

तिसरा आक्षेप शिकविणारांचा. "नवशिक्याला नमुना लागतोच," असें ते म्हणतात. अगदीं बरोबर. अक्षर शिकतांना कित्ता लागतो. पण कित्ता गिरवावयाचा तो पुढें सोडून देण्यासाठीं. जन्मभर कित्ताच गिरविणाऱ्यास कोणी लेखक म्हणत नाहीं. पेट्या विकणारा कित्ता संपूं देत नाहीं, कारण तो संपला तर त्याचा धंदा संपतो. एक पोपट झाला कीं दुसरा पोपट तयार असतो.

कोणी आम्हांस यंत्राचे वैरी समजूं नये. गांधीजींनीं यंत्रयुगावर एवढी टीका केली, तरी १९२४ सालीं एका संवादांत शिवणयंत्राला त्यांनीं आवर्जून अपवाद ठरविलें, कारण त्यामागें त्यांना मनुष्याविषयींचें प्रेम दिसलें. आम्हांसहि तें मान्य आहे. यंत्र लांब टीप घालतें; बेतण्याचें काम माणसाकडेच राहतें. ह्याची परीक्षा २०२० सालीं झाली. साथीमुळें देश बंद पडला, मुखपट्ट्या दुकानांत मिळेनात, आणि सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानें त्या घरीं कशा शिवाव्या ह्याची पुस्तिका काढली. त्या वेळीं जुन्या सुती कापडाचे थर लावून, चुण्या घालून, ज्यांनीं घरादाराला आणि शेजारापाजाराला मुखपट्ट्या दिल्या, त्या बेतणें जाणणाऱ्या बाया होत्या. गावोगांवच्या बचत गटांनीं त्या शिवल्या. पेटींतला पोपट भरावयास शिकलेला हात त्या दिवसांत कोणाच्या कामास आला?

नुसतें खंडन करून आम्ही थांबत नाहीं. ज्या घराला सुरुवात करावयाची आहे, त्यानें दुपट्यापासून करावी. सुमारें साडेपांच मीटर लांबीचें एक जुनें सुती पातळ घ्यावें. त्याचे सुमारें नव्वद सेंटिमीटरांचे सहा तुकडे होतात. तीन-तीन थर लावले कीं दोन दुपटीं निघतात. विरलेला तुकडा मध्यें ठेवावा. थर सपाट पसरून मध्यापासून कडेकडे लांब कच्चे टांके घालावे, म्हणजे पुढें फुगा येत नाहीं. मग कडा आंत दुमडून, कडेपासून दोन-दोन बोटांच्या अंतरानें धावदोरा घालीत आंत यावें आणि शेवटीं कच्चे टांके काढून टाकावे. पदर कोठें ठेवावा, कांठाचें काय करावें, दोरा कापडाच्या रंगाचा घ्यावा कीं उलट रंगाचा, हें आम्ही सांगणार नाहीं. तें सांगितलें तर आम्हीहि एक पेटीच विकली असें होईल. दुपट्यानंतर विजारीच्या पायाची पिशवी, मग बाळाचें झबलें आणि कुंची, मग कोपरावर फाटलेल्या सदऱ्याचें रफू, असा क्रम ठेवावा. आणि घरांत आजी असेल तर तिला आधीं विचारावें. तिच्या हातांतली विद्या कोठेंहि लिहून ठेवलेली नाहीं. ती गेली कीं तिची नक्कलहि करतां येणार नाहीं. आमच्या मतें ह्या साऱ्या वादांतली खरी घाई हीच आहे.

शाळांना आणि महिला मंडळांनाहि एक विनंति आहे. हस्तकलेच्या प्रदर्शनांत आज बक्षीस मिळतें तें नमुन्याशीं तंतोतंत जुळणाऱ्या कामाला. तें बंद करावें. प्रत्येक वस्तूशेजारीं एक चिठ्ठी ठेवावी: हें कापड पूर्वी काय होतें, माप कसें घेतलें, अडचण कोठें आली आणि ती कशी निस्तरली. ज्या वस्तूला ही चिठ्ठी लिहितां येत नाहीं ती बाजूला काढावी, मग तिचे टांके कितीहि रेखीव असोत. आणि पहिलें बक्षीस एखाद्या वर्षीं तरी नीट लावलेल्या ठिगळाला द्यावें. असें झालें तर पुढच्या वर्षीं मुलें दुकानांत न जातां घरचा पेटारा उघडतील. पेट्या विकणाऱ्यांचें त्यांत नुकसान होईल, हें आम्ही जाणतों. तें त्यांनीं सोसावें.